कव्हरमागचा मजकूर

आमच्या पिढीला गाणी ऐकायची सवय होती, अल्बम ऐकायची नव्हती. रेडिओवर एक गाणं लताबाईंचं, पुढचं रफीचं, मध्ये साबणाची जाहिरात, मग बातम्या. घरात टेपरेकॉर्डर आला तेव्हाही आख्खी कॅसेट आम्ही क्वचितच विकत घेतली. वहीच्या पानावर आवडीच्या गाण्यांची यादी करायची, ती कोपऱ्यावरच्या कॅसेटवाल्याला द्यायची आणि ‘साठची की नव्वदची?’ या त्याच्या प्रश्नाला खिसा चाचपून उत्तर द्यायचं. आठवड्याभराने कॅसेट भरून मिळे. बाजू संपता संपता दोन-अडीच मिनिटं उरली की तो स्वतःच्या मर्जीने एखादं गाणं भरी आणि ते दुसऱ्या अंतऱ्यात खाडकन तुटे. त्यातलं एखादं गाणं आजही कुठे पूर्ण वाजलं की हिशेबात दुकानदाराने जादा पैसे परत केल्यासारखं वाटतं.

त्यामुळे मुलीने माझ्या मोबाईलवर गाण्यांचं ॲप घालून दिलं आणि ‘बाबा, आता जगातलं सगळं संगीत तुझ्या खिशात आहे’ असं जाहीर केलं, तेव्हा मला आनंदापेक्षा धसकाच जास्त बसला. सगळं म्हणजे नक्की कुठून सुरू करायचं? शेवटी मी एक नियम केला. एका वेळी एकच अल्बम, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, कलाकाराने लावलेल्या क्रमाने. मध्ये पुढे ढकलायचं नाही, मागे यायचं नाही. हातांना काम असलं तर चालेल. ही शेवटची सवलत माझी नव्हे, घरातून आलेली. मेथी आणि घेवडा निवडताना मी गेल्या वर्षभरात जेवढं जागतिक संगीत ऐकलं तेवढं आधीच्या साठ वर्षांत ऐकलं नव्हतं.

आता ‘वर्षभरात सापडलेले आवडते अल्बम’ म्हटल्यावर वाचकांना वाटेल, यंदाचं काहीतरी ताजं सांगणार. तसं काही नाही. मला सापडलेल्यांतला सगळ्यांत कोवळा अल्बम माझ्या मुलीच्या बालवाडीच्या काळातला आहे. ती म्हणते, ‘बाबा, हे सगळं जगाने केव्हाच शोधलंय.’ म्हटलं, असू दे. वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा तिथेही माणसं राहतच होती.

सुरुवात ‘द कोल्न कॉन्सर्ट’पासून झाली. कीथ जॅरेट नावाच्या अमेरिकन पियानोवादकाचा हा एकट्याचा कार्यक्रम. 24 जानेवारी 1975, जर्मनीतलं कोल्न शहर, तिथलं ऑपेरागृह. आयोजक कोण, तर व्हेरा ब्रांडेस नावाची अठरा वर्षांची मुलगी. संध्याकाळी तिथे ऑपेराचा प्रयोग होता, म्हणून हिला वेळ मिळाली रात्री साडेअकराची. जॅरेटने बोझेनडॉर्फर कंपनीचा मोठ्यातला मोठा पियानो मागितला होता. तिथल्या माणसांनी रंगमंचावर आणून ठेवला तो त्याच कंपनीचा, पण लहान, सरावाचा. सूर उतरलेले, वरच्या पट्ट्या पत्र्यासारख्या वाजणाऱ्या, खालच्या सुरांत दम नाही, पायाखालचे पेडल नीट चालेनात. जॅरेट स्वित्झर्लंडहून मोटारीने आलेला, झोप नाही, पाठीचं दुखणं चाललेलं. त्याने वाजवायला नकार दिला. मुलीने गयावया केली. पियानो जुळवणाऱ्याने जमेल तेवढी डागडुजी केली. रेकॉर्डिंगवाले सामान लावून बसलेच होते. तेव्हा जॅरेट अखेर बसला आणि हाताशी काहीही लिहिलेलं नसताना तासाभराहून जास्त वाजवत राहिला.

हे सगळं मला ऐकण्याआधीच माहीत होतं, कारण आधी वाचायचं आणि मग ऐकायचं ही माझी खोड. त्यामुळे कान त्या पियानोच्या व्यंगावरच टपून होते, आणि ते खरोखर ऐकू येतं. पहिल्याच काही सुरांत तो चक्क त्या ऑपेरागृहाची प्रेक्षकांना आत बोलावणारी घंटा वाजवतो. लोकांना ती ओळखू येते आणि बारीक हशा उमटतो, तोही रेकॉर्डमध्ये आहे. मग तो वरच्या पत्र्याच्या सुरांकडे फारसं जातच नाही. मधल्या सप्तकात घर करतो. खालच्या सुरांत गुंज नाही म्हणून डाव्या हाताने तोच ठेका पुन्हा पुन्हा हाणत राहतो, लेहरा धरून ठेवावा तसा, आणि उजवा हात त्यावर मोकळा सोडतो. पहिला भाग सव्वीस मिनिटांचा. त्यात एके ठिकाणी दोनच कॉर्डांभोवती तो इतका वेळ घोटाळतो की आपल्याला वाटावं, आता हा काही यातून बाहेर पडत नाही. मध्येच कण्हतो, हुंकार देतो, पाय आपटतो. कानात ते छोटे स्पीकर खुपसून ऐकताना माझीही मान हलत असावी, कारण मेथीच्या काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात गेली होती. पुढे ही रेकॉर्ड एकट्या पियानोच्या रेकॉर्डमध्ये जगात सर्वाधिक खपलेल्यांत जाऊन बसली. बिनीचा पियानो वेळेवर आला असता तर काय झालं असतं? चांगलाच कार्यक्रम झाला असता. मला मेथी निवडताना तो कळला असता की नाही, सांगता येत नाही.

ही हकीकत मी रंगवून रंगवून आमच्या एका स्नेह्यांना सांगितली. हे बँकेतून निवृत्त झालेले, तबल्यावर बऱ्यापैकी हात असलेले, आणि कान इतका तयार की हॉटेलात पेल्याला चमचा लागला तरी कोणता सूर ते सांगतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अहो, तुम्ही संगीत ऐकत नाही. तुम्ही कव्हरमागचा मजकूर ऐकता.’

हा घाव वर्मी बसला, कारण पुढचा अल्बम मी निवडला तोही मजकुरावरूनच. ग्लेन गूल्ड हा कॅनडाचा पियानोवादक. 1955 च्या जून महिन्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बाखचं ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ रेकॉर्ड करायला आला तो ऐन उन्हाळ्यात कोट, मफलर, हातमोजे घालून. बरोबर पाण्याच्या बाटल्या, औषधांच्या गोळ्या, टॉवेल (वाजवण्याआधी हात कोपरापर्यंत गरम पाण्यात बुडवून ठेवायचे म्हणून) आणि एक घडीची खुर्ची. ही खुर्ची वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली. बसायची जागा जमिनीपासून जेमतेम चौदा इंच. त्यामुळे त्याची हनुवटी जवळजवळ पट्ट्यांना टेकायची. आयुष्यभर त्याने दुसरी खुर्ची मानली नाही. 1981 मध्ये तेच संगीत त्याच स्टुडिओत त्याने पुन्हा रेकॉर्ड केलं तेव्हा खुर्चीची गादी पार उडून नुसता सांगाडा राहिला होता, तरी हा बसला त्याच सांगाड्यावर. आमच्याकडे एक आरामखुर्ची अशाच अवस्थेत आहे आणि तिच्यावरून दर दिवाळीला वाद होतो. यंदा मी गूल्डचा दाखला दिला. ‘त्याचं लग्न झालं होतं का?’ एवढाच प्रश्न आला. नव्हतं झालं.

गूल्ड वाजवताना गुणगुणतो. म्हणजे सौम्य नव्हे, चांगला मोठ्याने, आणि बाखच्या सुरांशी ते प्रत्येक वेळी जुळतंच असं नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी खूप खटपट केली, पण ते काही निघालं नाही. पहिल्या रात्री मी स्पीकरवर हा अल्बम लावला तेव्हा ही आतून म्हणाली, ‘वरच्या मजल्यावरच्या काकांचं पारायण सुरू झालं का हो?’ तेव्हापासून मला बाख ऐकू येण्याआधी वरचे काका ऐकू येतात.

या संगीताबद्दल एक जुनी गोष्ट अशी सांगतात की एका सरदाराला रात्री झोप लागत नसे, म्हणून त्याच्या पदरी असलेल्या गोल्डबर्ग नावाच्या वादकासाठी बाखने हे लिहून दिलं. अभ्यासक या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही. 1955 चं रेकॉर्डिंग सुमारे अडतीस मिनिटांत संपतं आणि त्या वेगाने कुणाला झोप लागत असेल तर त्याने डॉक्टरांना भेटावं. 1981 चं मात्र एक्कावन्न मिनिटांचं. तेच सूर, तोच माणूस, पण एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याआधी थांबून बघणारा. सुरुवातीचा तो संथ आरिया तीस फेऱ्या झाल्यावर पुन्हा जसाच्या तसा येतो, आणि जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तो आल्यावर ‘बरं, संपलं’ असं वाटतं, नव्यात तसं वाटत नाही. अल्बम बाजारात आल्यावर काही दिवसांतच, ऑक्टोबर 1982 मध्ये, गूल्ड पन्नाशी गाठून गेला. आता हे माहीत नसतं तर मला ते संथ सूर इतके जड वाटले असते का? स्नेह्यांचा प्रश्न हाच होता. मी त्यांना उत्तर दिलं नाही, चहा दिला.

तो स्टुडिओही गमतीचा. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरचं एक जुनं चर्च कोलंबिया कंपनीने घेतलं होतं. गूल्ड तिथे आला त्यानंतर चार वर्षांनी, 1959 च्या मार्च-एप्रिलमध्ये, माइल्स डेव्हिसने तिथेच ‘काइंड ऑफ ब्लू’ केला. जॅझमधला हा बहुधा सर्वांत लाडका अल्बम. त्याबद्दल मी नवं काय सांगणार? फक्त एक गोष्ट. पहिल्या दिवशी टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे रेकॉर्डवर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी किंचित जलद आणि किंचित चढी वाजत राहिली. ही चूक दुरुस्त होऊन अल्बम निघाला तो 1992 मध्ये. म्हणजे मधली तेहतीस वर्षं जग त्या चढ्या सुरावर फिदा होतं, आणि घरी रेकॉर्डबरोबर वाजवू पाहणारी पोरं आपलंच वाद्य बिघडलंय असं समजत असणार. स्नेह्यांनी दोन्ही आवृत्त्या ऐकून फरक अचूक सांगितला. मला तो कळला नाही. पण आहे म्हणून सांगितल्यावर मात्र लगेच कळला. ते चर्च पुढे पाडलं आणि त्या जागी राहत्या घरांची इमारत उभी राहिली. पुनर्विकास तिथेही कुणाला चुकलेला नाही.

डेव्हिसचाच ‘बिचेस ब्रू’ मला मुलीच्या आग्रहाखातर ऐकावा लागला. त्याचं शीर्षकाचं गाणं सत्तावीस मिनिटांचं आहे. त्यात केव्हातरी सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला आणि केव्हा बंद झाला, मला समजलं नाही. मी एवढंच लिहून हा विषय थांबवतो.

मात्र या वर्षी मी कशावर खुळावलो असेन तर चरणजित सिंग यांच्यावर. हे मुंबईचे वादक. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार, इलेक्ट्रॉनिक वाद्यं वाजवणारे. आपण ज्यांची नावं कधी वाचली नाहीत पण ज्यांचे सूर पाठ आहेत अशा मंडळींपैकी एक. ‘कुर्बानी’ आणि नाझिया हसनच्या ‘डिस्को दीवाने’नंतर देशात सगळीकडे डिस्कोची लाट होती. चरणजितजींकडे जपानच्या रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रं होती. एक मोठा सिंथेसायझर, एक तालाचं यंत्र आणि एक लहानसं, खर्जाची साथ देणारं. त्यांनी या तिघांना जोडलं, त्यांत आपले राग भरले, आणि 1982 मध्ये अल्बम केला. नाव होतं ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. एचएमव्हीने तो काढला. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येकी पाचेक मिनिटं. कुणीही विकत घेतला नाही.

आणि तिकडे ते खर्जाचं लहानसं यंत्रही बाजारात आपटलं. कंपनीने दोन-तीन वर्षांत त्याचं उत्पादन बंद केलं. मग ती यंत्रं अमेरिकेत जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. शिकागोच्या पोरांच्या हाती पडली, त्यांनी त्याच्या खुंट्या भलत्याच पिळल्या, आणि 1987 च्या सुमाराला ‘ॲसिड हाउस’ नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्माला आला. युरोपभर त्याने धुमाकूळ घातला. पुढे एका डच संग्राहकाला भारतात चरणजितजींची जुनी रेकॉर्ड मिळाली. त्याने घरी जाऊन सुई ठेवली आणि तो थक्क झाला, कारण शिकागोच्या पाच वर्षं आधी तोच किणकिणता, वळवळता खर्ज मुंबईत भैरव वाजवत होता. 2010 मध्ये त्याने ती रेकॉर्ड पुन्हा काढली. आयुष्यभर मागच्या रांगेत वाजवलेल्या चरणजितजींना म्हातारपणी युरोपातली तरुण पोरं डोक्यावर घेऊ लागली. 2015 मध्ये ते गेले. ॲसिड हाउसचा आद्य पुरुष म्हणून लोक बघायला लागले तेव्हा त्यांना त्या प्रकाराचं नावही माहीत नव्हतं म्हणे, आणि मला ही गोष्ट फार आवडते.

रेकॉर्ड कशी आहे? पहिल्यांदा हसू येतं. तालाचं यंत्र एक क्षणही दम खात नाही. टकटकटकटक चालूच. त्यावर भैरवातला कोमल रिषभ येतो तो अगदी नीट, आंदोलनासकट, आणि त्याखाली तो खर्ज पाण्यातून बुडबुडे यावेत तसा. दहा मिनिटांनी हसू जातं. कारण माणूस रागाशी थट्टा करत नाहीये, हे लक्षात येतं. यंत्रावर का होईना, तो स्वरांची जागा सोडत नाही. मी ही रेकॉर्ड स्नेह्यांना ऐकवली. तबलजी माणूस, यंत्राचा ताल ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखे भाव आले. तरी ऐकत राहिले. ‘ललित’ सुरू झाला तेव्हा म्हणाले, ‘अहो, ललित हा पहाटेच्या आधीचा राग! आणि हा डिस्को?’ म्हटलं, डिस्कोतून माणसं घरी निघतात ती वेळ हीच. रागसमयाचा नियम याच्याइतका कुणीच काटेकोर पाळला नसेल.

‘ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब’बद्दल बहुतेकांना ठाऊक असतं, मलाच नव्हतं. 1996 च्या मार्चमध्ये अमेरिकन गिटारवादक राय कूडर क्युबातल्या हवाना शहरी पोचला तो आफ्रिकेतल्या मालीचे वादक आणि क्युबाचे वादक यांना एकत्र बसवायला. मालीचे वादक कागदपत्रांच्या घोळात अडकून आलेच नाहीत. स्टुडिओ ठरलेला, दिवस ठरलेले. मग काय करायचं, तर शहरातले जुने वादक-गायक शोधून आणा. इब्राहिम फेरेर गाणं सोडून बूट पॉलिश करत होता. रुबेन गोन्झालेस हा त्या देशातल्या थोर पियानोवादकांपैकी एक, सत्तरी उलटलेला, त्याच्या घरी पियानोच उरला नव्हता. कोम्पाय सेगुंदो अठ्ठ्याऐंशीचा. आठवड्याच्या आत अल्बम झाला आणि पुढच्या वर्षी जगभर गेला. मला त्यात रुबेन सगळ्यांत प्रिय. सकाळी स्टुडिओचं दार उघडण्याआधी तो बाहेर उभा असायचा, दार उघडलं की थेट पियानोकडे, असं वाचलंय, आणि त्याची बोटं ऐकताना ते सहज पटतं. काही ठिकाणी तो गाणाऱ्यांच्या मध्ये मध्ये लुडबुड करतो, इतका त्याला आनंद झालेला आहे. मालीची मंडळी बऱ्याच वर्षांनी आली, ठरल्याप्रमाणे अल्बमही झाला, ‘आफ्रोक्युबिझम’, 2010 मध्ये. तो चांगला आहे. मी तो एकदा ऐकला.

हाच राय कूडर त्याआधी आपल्या विश्वमोहन भट्टांबरोबर एका चर्चमध्ये बसला होता. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’. वाजवायला बसण्याच्या जरासं आधीच दोघांची पहिली भेट झाली होती. चार गतींत चाळीसेक मिनिटं, आणि 1994 मध्ये ग्रॅमी. इतक्या कमी ओळखीवर आमच्या सोसायटीत कुणी लिफ्टही धरून ठेवत नाही.

‘हॅलो लोर्ना’ मात्र मला हिच्यामुळे सापडला. हिचं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे कोकणी आमच्या घरात पाहुणी नसून सासूसारखी आहे, येते आणि राहते. क्रिस पेरी या गोव्याच्या वादक-संगीतकाराने लोर्ना या गायिकेकडून साठच्या दशकात गाणी गाऊन घेतली, ती गोव्यात आणि मुंबईच्या गोवेकरांत अजून वाजतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती गायची थांबली, आणि जवळजवळ दोन तपं थांबली. 1995 मध्ये रॉनी मोन्सेरात या संगीतकाराने तिला परत माइकसमोर उभं केलं तो हा अल्बम. आवाज तरुणपणच्यापेक्षा खाली उतरलेला, कडांना खरखर, पण शब्द फेकण्याची ढब अशी की समोरचा माणूस उधारी ठेवून पळत असावा. मला निम्मे शब्द कळतात. उरलेले ही सांगते. काही सांगत नाही, नुसती हसते, आणि तेच नेमके मला हवे असतात.

एवढ्यावर स्नेह्यांचा आरोप पक्का झाला. ‘बघा,’ ते म्हणाले, ‘कुणाचा पियानो मोडका, कुणाची खुर्ची मोडकी, कुणाचं यंत्र हळू, कुणाचे पाहुणे आले नाहीत, कुणी वीस वर्षं गप्प. तुम्हाला घोटाळे आवडतात. एखादी गोष्ट सरळ ठरवून, सरळ पार पडली असेल तर तुम्ही ती ऐकणार नाही.’ आणि मला शिक्षा म्हणून त्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐकायला सांगितला.

तोवर मी तो पूर्ण कधी ऐकला नव्हता, आणि तरी सगळा ऐकला होता. कारण कुठल्या माहितीपटामागे, कुठल्या हॉटेलच्या दिवाणखान्यात त्याचे तुकडे कानावर पडलेलेच असतात. 1967 चा अल्बम. संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, गिटार ब्रिजभूषण काबरा, तबल्याला माणिकराव पोपटकर. तिघे मुख्य वादक तिशीच्या आतबाहेरचे. कल्पना अशी की काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. ते जुळवून आणलं एचएमव्हीतल्या जी. एन. जोशींनी, म्हणजे ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ गाऊन महाराष्ट्रात घरोघरी पोचलेल्या आपल्या गोविंदराव जोशींनी. खोऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळचे म्हणजे जम्मूचे शिवकुमार. बासरीवाले अलाहाबादचे, गिटारवाले जोधपूरचे, आणि मेंढपाळाचा दिवस आखून देणारे वकिली शिकलेले विदर्भातले गृहस्थ. हा मेंढपाळ पन्नास-साठ वर्षं जगभर हिंडतोय आणि त्याच्याकडे कुणी कधी आधारकार्ड मागितलं नाही.

मी तो सकाळी ऐकला, दारं लावून. अहिरभैरव सुरू होताना संतूरचे सुटे सुटे थेंब येतात आणि मग काबरांची गिटार, काचेवरून बोट सरकावं तशी एका सुरातून दुसऱ्यात घसरत. संतूरला जी मींड घेता येत नाही ती शेजारी बसून गिटार घेते. आणि बासरी दोघांच्या मधून वाट काढते. कुठेही अपघात नाही, घोळ नाही, प्रत्येक जण वेळेवर येतो आणि वेळेवर गप्प बसतो. मला तो बेहद्द आवडला. तसं मी फोन करून कबूल केलं. तेव्हा स्नेही खुलले आणि सांगू लागले, ‘अहो, 1955 साली शिवकुमारांनी मुंबईत पहिल्यांदा संतूर वाजवलं ना, तेव्हा जाणकार काय म्हणाले माहितीये? या वाद्याला मींड नाही, याच्यावर शास्त्रीय संगीत होणे नाही! मग त्यांनी तारा बदलल्या, वाद्य मांडीवर घेतलं...’ अर्धा तास. फोन गरम झाला. मध्ये माणिकराव झाले, मध्ये गोविंदराव झाले. अर्ध्या तासात त्यांनी एकदाही स्वराबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि मीही ते त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. चांगलं चाललं होतं.

खरं तर यात त्यांचाही दोष नाही. आपल्याकडे गाणं किश्श्याशिवाय कधी वाढतच नाही. सवाईच्या मांडवात मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभे राहा. समोर कोण काय गायलं याबद्दल दोन वाक्यं, आणि अमुक साली पहाटे अमुक बुवांनी काय केलं याबद्दल वडा थंड होईपर्यंत. कुमार गंधर्वांची रेकॉर्ड लावायची तर यजमान आधी देवासचं ते क्षयाचं दुखणं सांगणार, अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकलेली माळव्याची लोकगीतं सांगणार, डॉक्टरांनी गायला केलेली बंदी सांगणार, आणि मग सुई ठेवणार. आणि सुई ठेवल्यावर ती तान अर्ध्यात तुटून वर झेपावते तेव्हा ऐकणाऱ्यांना तिच्यात श्वास दिसतो. तो श्वास तानेत आहे की यजमानांच्या बोलण्यात, याची वाटणी करायला कुणी बसत नाही.

तरीही स्नेही हट्टी. महिन्याभरापूर्वी ते घरी आले, खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला. ‘यात एक अल्बम आहे. कुणाचा, कुठला, केव्हाचा, काही सांगणार नाही. फायलीला नाव नाही, नुसते आकडे आहेत. ऐका आणि मग बोला.’

ऐकला. कोणती तरी तंतुवाद्यं आहेत, त्यातलं एक मला ओळखू येत नाही. एक बाई गाते, भाषा कळत नाही. तिसऱ्या गाण्यात ती सुरुवात करते, थांबते, कुणीतरी हळू खोकतं, आणि ती पुन्हा तिथूनच उचलते, पण पहिल्यापेक्षा अर्धा सूर खालून, निदान मला तसं वाटतं. पाचव्यात नुसतंच वाद्य आहे, मागे बहुधा पाऊस. किंवा टेपची खरखर. मी तो अल्बम आता रोज ऐकतो. मेथी नसली तरी ऐकतो. ती का थांबली असेल, याच्या मी आत्तापर्यंत बऱ्याच हकिगती रचल्या आहेत आणि त्यातल्या दोन-तीन उत्तम आहेत.

स्नेही नाव सांगत नाहीत. ‘आवडला ना? मग नाव कशाला हवंय?’ मुलगी म्हणाली, ‘बाबा, मोबाईल स्पीकरजवळ धर, दहा सेकंदांत सांगेल.’ मी धरला नाही, स्वाभिमान म्हणून. परवा हिने धरला. पडद्यावर आलेलं वाचलं, भुवया उंचावल्या, ‘अगंबाई!’ म्हणाली, आणि मोबाईल पदरात टाकून आत निघून गेली. तेव्हापासून दोन वेळा चहा मी करतोय, मेथी मागायच्या आधी निवडून ठेवतोय, आरामखुर्ची भंगारात द्यायचीही तयारी दाखवली आहे. ती म्हणते, दिवाळीला सांगेन.